सिस्टरांनाही भीती वाटते

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



मी मालवण तालुक्यातल्या तोंडवलीची. छत्तीस वर्षं मुंबईत एका सार्वजनिक रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी केली, २०१४ साली निवृत्त झाले आणि गावी परत आले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधल्या पट्टीत सुरूचं बन, माड आणि आमची घरं. निवृत्ती आपली कागदावरची. गावात मी अजून 'सिस्टर'च आहे. कुणी रक्तदाब मोजून घ्यायला येतं, कुणी डॉक्टरांची चिठ्ठी वाचून घ्यायला. आणि उठता उठता हमखास एक प्रश्न येतो, "सिस्टर, रोग्यांका हात लावताना तुमका भय वाटणा नाय?"

विचारणाऱ्याला 'नाही' हे उत्तर हवं असतं. 'वाटतं की' म्हटलं की तो जरा हिरमुसतो. परिचारिका म्हणजे पांढऱ्या कपड्यातली देवी, तिला कसलं भय, अशी एक समजूत आपण करून घेतली आहे. सिनेमानं ती पसरवली, सत्काराच्या भाषणांनी वाढवली आणि १२ मेच्या परिचारिका दिनाला तर तिला ऊत येतो. मला आज या भीतीविषयी बोलायचं आहे, कारण ती नाही असं धरून चालणं हे परिचारिकेच्या जिवावर बेतणारं आहे असं माझं मत आहे.

आमच्या शेजारच्या आचरा, चिंदर, वायंगणी या गावांत गावपळणीची रीत आहे. काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळं गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्रीमांजरं घेऊन वेशीबाहेर जातं. तीन दिवस, तीन रात्री रानात झोपड्या घालून राहतं आणि पुन्हा कौल घेऊन परततं. त्यामागची श्रद्धा वेगळी आहे, मी त्यात पडत नाही. पण पूर्वी साथ आली की गाव सोडायचा जो रिवाज होता त्याचीच ही खूण असावी, असंही काही जण म्हणतात. तसं असेल तर त्यात शहाणपणच आहे. रोगाला भिऊन दूर जाणं ही माणसाची फार जुनी आणि बरी सवय आहे. प्रश्न एवढाच, की गाव वेशीबाहेर गेल्यावर जो तापानं फणफणून पडला आहे, ज्याला उचलून नेता येत नाही, त्याच्यापाशी कोण बसतं? जी बसते तिलाही तीच भीती असते. तिला फक्त पळायची सोय नसते.

या भीतीची एक गंमत आहे. ती पुष्कळदा भलत्याच दारावर पहारा देत बसते आणि रोग दुसऱ्या दारानं आत येतो.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. आपल्याकडे त्याला गाठीचा ताप म्हणत. लाखो माणसं मुंबई सोडून गेली. रोग्याला शिवायला घरची माणसं धजत नसत. आणि तरी त्या काळच्या प्लेग रुग्णालयांत एक नवल दिसून आलं, की गाठीच्या प्लेगच्या रोग्यांची उस्तवार करणाऱ्यांना प्लेग क्वचितच होई. असं का, याचं उत्तर १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरला सापडलं. हा रोग स्पर्शानं नव्हे, तर उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरत होता. फुप्फुसाचा प्लेग मात्र खोकल्यातून लागतो, तो प्रकार वेगळा. त्याच्या आदल्याच वर्षी, १० मार्च १८९७ला, सावित्रीबाई फुले पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना प्लेगनंच गेल्या. रोग कसा लागतो हे कुणालाच ठाऊक नसताना त्या रोग्यांजवळ गेल्या. त्यांना भीती वाटली नसेल असं मी तरी म्हणणार नाही. तसं म्हटलं की त्यांनी केलेल्या कामाची किंमत कमी होते.

आपल्या जिल्ह्यातलं बघा. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माकडतापानं माणसं आजारी पडली. असा नवा ताप म्हटला की रोग्याच्या ओटीवर पाऊल टाकायला लोक कचरतात. पण माकडताप गोचिडीच्या चाव्यानं होतो, माणसापासून माणसाला लागत नाही. लेप्टोचं तसंच. पावसात चिखलात लावणी करताना पायाच्या जखमेतून, उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून तो शिरतो. लेप्टोच्या रोग्याचा हात हातात धरून बसलात तरी बिघडत नाही. भ्यायचं तर जखम उघडी ठेवून शेतात उतरायला भ्यायला हवं.

उलट ज्याला भ्यायला हवं त्याला आम्ही भीत नव्हतो. मुंबईच्या मेडिसिन वॉर्डाचं चित्र डोळ्यांपुढे आणा. चाळीस खाटा, साठ-सत्तर रोगी, उरलेले दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी टाकून. त्यातच एखादा बारीक ताप, खोकला आणि अशक्तपणा म्हणून दाखल झालेला. बेडक्याचा रिपोर्ट यायला चार दिवस. या चार दिवसांत सिस्टर त्याला सलाईन लावते, ओणवं होऊन उशी नीट करते, औषध पाजते आणि तो तिच्या तोंडावर खोकतो. त्या खोकल्याची कुणाला भीती वाटायची? कुणालाच नाही. रोजचाच होता तो. मास्क बांधायचा तो ड्रेसिंगच्या वेळी, तोही आपल्यापासून रोग्याची जखम वाचवायला. क्षयाचा खरा धोका असतो तो अशा न ओळखलेल्या रोग्याकडून. निदान होऊन योग्य औषध लागू पडलं की साधारण दोन-तीन आठवड्यांत त्याच्यापासून लागण होण्याचा संभव खूप कमी होतो. तरी लोक क्षयाच्या रुग्णालयाला भितात आणि सर्वसाधारण वॉर्डात निर्धास्त बसून डबा खातात. माझ्या बरोबरीच्या दोघींना नोकरीत असताना क्षय झाला. एकीला तर तो मणक्यात निघाला. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयातले कर्मचारी आजारी पडल्याच्या, दगावल्याच्या बातम्याही वर्तमानपत्रांतून वेळोवेळी आलेल्या आहेत. यावर उपाय काय, तर उघड्या खिडक्या, खोकणाऱ्याला आल्याबरोबर मास्क आणि वेगळा कोपरा. त्यातलं काहीही महाग नाही. थंडीच्या रात्री मी खिडकी उघडायचे आणि पेशंटचे नातेवाईक ती लावून घ्यायचे. रात्रभर आमचा हा खेळ चालायचा.

आमच्या उमेदवारीच्या काळातल्या वस्तू आजच्या मुलींना सांगितल्या तर खऱ्या वाटत नाहीत. काचेच्या सिरिंजा उकळून वापरायच्या. सुया उकळायच्या, आत रक्त अडकलं असेल तर बारीक तारेनं काढायचं, बोथट झाल्या की दगडावर घासून पुन्हा धार लावायची. रबरी हातमोजे धुवायचे, वाळवायचे, पाण्यात बुडवून बुडबुडा येतो का बघायचं, भोक सापडलं की सायकलच्या ट्यूबला लावतात तसं ठिगळ लावायचं आणि पावडर मारून ठेवायचे. दुपारी कामाला उसंत मिळाली की मावशी आणि आम्ही गोल करून मोजे दुरुस्त करत बसायचो, गजाली व्हायच्या. रक्ताची भीती म्हणून नव्हतीच. काविळीनं एखादी सिस्टर आजारी पडली की 'बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल' असं म्हणायचं. त्यातल्या किती जणींची कावीळ सुईवाटे आली असेल, कुणास ठाऊक.

मग एड्स आला. १९८६ साली चेन्नईत भारतातल्या पहिल्या रुग्णांचं निदान झालं. मुंबईच्या वॉर्डांत त्याचं भय शिरलं ते त्यानंतरच्या चार-सहा वर्षांत. ज्यांना कॉलऱ्याची घाण काढताना काही वाटलं नव्हतं, घटसर्पाच्या पोराच्या घशात डोकावताना काही वाटलं नव्हतं, त्या माझ्या जुन्याजाणत्या मैत्रिणी एका खाटेपासून चार हात लांब उभ्या राहू लागल्या. केसपेपरावर लाल अक्षरं. खाटेवर पाटी. जेवणाचं ताट ठेवायचं आणि पायानं पुढे सरकवायचं. लग्न ठरलेल्या मुलींना घरून निरोप यायचे, की नोकरी सोड नाहीतर स्थळ मोडेल. मी कुणा एका रुग्णालयाबद्दल बोलत नाही. त्या वर्षांत हे सगळीकडे थोडंफार होत होतं. त्या मुली दुष्ट नव्हत्या. कुणी त्यांना समोर बसवून रोग नेमका कशानं लागतो आणि कशानं लागत नाही हे सांगितलं नव्हतं, आणि हातात धड मोजे दिले नव्हते. माहिती नाही, साधन नाही आणि वर 'सेवा करा' असा हुकूम. अशा वेळी भीती फिरून रोग्यावरच जाते. त्या माणसाला रोगानं जेवढं छळलं नसेल तेवढं त्या पायानं सरकवलेल्या ताटानं छळलं असेल.

यातून वाट निघाली ती एका साध्या नियमानं. अमुक रोगी धोक्याचा आणि तमुक बिनधोक, हा भेदच काढून टाकायचा. प्रत्येकाचं रक्त लागण असलेलं आहे असं समजूनच वागायचं, मग तो फूटपाथवरचा असो की मोटारीतून आलेला शेटजी असो. मोजे सगळ्यांसाठी, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण घालायचं नाही हे सगळ्यांसाठी, सुई लगेच कटरमध्ये आणि न भोसकणाऱ्या डब्यात हेही सगळ्यांसाठी. वरवर बघता यात भीती वाढते. वस्तुतः ती सगळ्यांवर सारखी वाटली जाते आणि वाटली गेली की तिची सवय होऊन जाते. मग कुणाच्या खाटेवर पाटी लावायची गरज उरत नाही. १९९८ साली जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले तेव्हा रंगीत पिशव्या आणि डबे आले. पहिल्यांदा त्याचा कंटाळा यायचा. पुढे एखाद्या वॉर्डात तो डबा दिसला नाही तर चुकल्यासारखं वाटू लागलं.

१९९६च्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. रात्रपाळी होती. एक तरुण रोगी, तापात भ्रमलेला. मी रक्त घेत होते, मामांनी त्याचा हात धरला होता, तरी त्यानं जोरात झटका दिला आणि सुई मोज्यातून माझ्या डाव्या तर्जनीत गेली. टाचणी टोचावी एवढंच. हात नळाखाली धरला, साबण लावला. दोन दिवसांनी कळलं की त्याचा एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे.

आज असं झालं तर काय करायचं ते ठरलेलं आहे. जखम पिळायची नाही, साबणपाण्यानं धुवायची, लगेच कळवायचं, आणि शक्यतो दोन तासांत, फार तर बहात्तर तासांच्या आत औषध सुरू करून ते अठ्ठावीस दिवस घ्यायचं. तेव्हा आमच्या हाताशी हे औषध नव्हतं. हाताशी होतं ते फक्त थांबणं. दीड महिन्यानं तपासणी, तीन महिन्यांनी तपासणी, सहा महिन्यांनी तपासणी.

धोक्याचे आकडे मला पाठ होते. अशा सुईतून एचआयव्ही लागण्याचा संभव हजारात तीन. सी प्रकारच्या काविळीचा शेकडा दोन-तीन. आणि लस घेतली नसेल तर बी प्रकारच्या काविळीचा शेकडा तीसपर्यंत. म्हणजे ज्या रोगानं माझी झोप उडाली होती तो या तिघांत सगळ्यांत कमी लागणारा. बीची लस मी घेतलेली होती, तेवढा एक दिलासा. पण हजारात तीन हा आकडा दिवसा कामाचा असतो. रात्री दोन वाजता तो काही कामाचा नसतो, कारण रात्री आपण त्या तिघांतले एक असतो.

आमची खोली परळच्या चाळीत. मालक गिरणीतले. १९८२च्या संपानं गिरणी सुटली ती सुटलीच. पुढे कुठे वॉचमन, कुठे दुकानात, असं चाललं होतं. घर माझ्या पगारावर उभं होतं. हे मी मुद्दाम सांगते. भीती वाटत असून आम्ही कामावर का जात होतो, याचं उत्तर देताना लोक ताबडतोब सेवाभावाकडे धावतात. सेवाभाव होता, मी नाकारत नाही. पण दर महिन्याला वाण्याची उधारीही होती आणि मुलांच्या शाळेची फीही होती. खाणकामगार खाणीत उतरतो, आमचे रापणकर वारा बघून होडी लोटतात, त्यांना कुणी देवदूत म्हणत नाही. त्यांच्याप्रमाणे आमचंही ते काम होतं.

आठ दिवस मी घरी काही बोलले नाही. माझा पेला वेगळा ठेवू लागले, धाकट्याचे मुके घेईना, कपडे वेगळ्या बालदीत. पेल्यातून हा रोग लागत नाही हे मी वॉर्डात दहा जणांना समजावलं होतं. स्वतःच्या घरात मात्र हात आपोआप पेला बाजूला करत होता. परिचारिकेची खरी भीती ही असते, मंडळी. स्वतःच्या मरणाची असते, नाही असं नाही. पण मोठी भीती आपल्याबरोबर काय घरी येतं याची असते. कुठलीही सिस्टर घरात शिरल्यावर सरळ मोरीकडे का जाते, पोर धावत आलं तरी हात वर का धरते, ते तिच्या घरच्यांना विचारा.

शेवटी मालकांनीच विचारलं. मी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मगे आता काय, सहा म्हयने माका ग्यालरीत झोपवतलंस?" आणि माझ्या पेल्यातला उरलेला चहा पिऊन टाकला. त्यांनी कुठलंही पुस्तक वाचलं नव्हतं. मला मात्र त्या दिवशी नीट झोप लागली. सहा महिन्यांनी तिसरा रिपोर्ट निगेटिव्ह आला. इन्चार्ज सिस्टरांनी तो वाचून दाखवला आणि दुसऱ्या वाक्यात दुपारच्या पाळीला दोघी कमी आहेत असं सांगितलं.

सुई टोचलेल्या माझ्या कितीतरी मैत्रिणींनी ते कुठे नोंदवलंच नाही. 'निष्काळजी' असा शेरा बसेल म्हणून, लग्न व्हायचं आहे म्हणून, नाहीतर चार टेबलं फिरून सह्या घ्यायला रात्रपाळीनंतर अंगात त्राण नसतं म्हणून. लपवलेली भीती अशी असते. ती असते तिथेच राहते आणि तिच्यावरचं औषध मात्र बहात्तर तासांत संपतं.

बाबा आमट्यांची हकिकत पुष्कळांना माहीत असेल. वरोऱ्यात गटाराकडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी पाहून बाबा भिऊन घरी पळाले. ती भीती त्यांना सोसवेना, म्हणून ते परत गेले आणि त्याची शुश्रूषा केली. त्यातून पुढे १९४९मध्ये आनंदवन उभं राहिलं. मला या गोष्टीतला दुसरा भाग जितका मोठा वाटतो तितकाच पहिला. आपण पळालो हे त्यांनी आयुष्यभर मोकळेपणानं सांगितलं. आमच्या मुलींना ते सांगायची मुभा नसते. त्यांनी सुरुवातीपासूनच देवी असायचं असतं.

आणि देवी मरतात, हेही खरं. २००१ साली सिलिगुडीत एका अनोळखी तापाची साथ आली. तो निपाह होता, हे कळायला पुढे काही वर्षं गेली. सहासष्ट रुग्ण, पंचेचाळीस मृत्यू, आणि रुग्णांतले सुमारे तीन-चतुर्थांश लोक एक तर रुग्णालयातले कर्मचारी होते किंवा तिथे आजाऱ्याला भेटायला गेलेले होते. २००३च्या सार्समध्ये जगभरातल्या आठ हजारांवर रुग्णांपैकी पाचातला एक आरोग्य कर्मचारी होता. २०१८च्या मे महिन्यात केरळात पेराम्ब्रा इथल्या तालुका रुग्णालयातली लिनी पुथुसेरी ही परिचारिका निपाहनं गेली. आपण वाचत नाही हे कळल्यावर तिनं नवऱ्याला चिठ्ठी लिहून दोन लहान मुलांना सांभाळायला सांगितलं. ती चिठ्ठी देशभर छापली गेली, लोक रडले. मीही रडले. पण माझ्या मनात दुसराही प्रश्न होता. पहिला रोगी आला त्या रात्री तिच्या वॉर्डात नाकातोंडाला घट्ट बसणारा मास्क होता का? हा प्रश्न हळहळीत बुडून जातो. हार घालायला दोन मिनिटं लागतात. मास्कांची मागणी नोंदवून तो साठा दर महिन्याला भरलेला ठेवायला वर्षानुवर्षं कुणीतरी राबावं लागतं.

२०२०चा मार्च आठवा. २२ तारखेला संध्याकाळी आपण सगळ्यांनी ओटीवर येऊन थाळ्या वाजवल्या. त्याच दिवसांत देशात ठिकठिकाणी डॉक्टर आणि परिचारिका रेनकोट घालून कोरोनाच्या रोग्यांकडे जात होत्या, कारण संरक्षक पोशाख पुरेसे नव्हते. एप्रिलमध्ये मुंबईतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात पंचवीसच्या वर परिचारिकांना लागण झाली आणि ते रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र म्हणून बंद करावं लागलं. कुणाला घरमालकानं खोली सोडायला सांगितली, कुणाला सोसायटीच्या फाटकावर अडवलं. आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांसाठी २२ एप्रिलला केंद्र सरकारला वटहुकूम काढावा लागला, यावरून काय ते समजा.

आपल्याकडे चाकरमानी येऊ लागले, शाळांतून त्यांची सोय झाली. आशाताई आणि नर्सबाई यादी घेऊन दारोदार फिरत होत्या. फडकं बांधलेलं तोंड आणि हातात ताप मोजायचं यंत्र. पहिले काही दिवस लोकांनी त्यांना पाणी दिलं, ते अंगणातल्या कठड्यावर तांब्या ठेवून. मी नावं ठेवत नाही. गावात म्हातारी माणसं जास्त. व्हेंटिलेटर हवा तर कुठवर जावं लागतं ते सगळ्यांना ठाऊक. ती भीती खोटी नव्हती.

त्या मे महिन्यात तालुक्यातल्याच एका गावची मुलगी मुंबईहून घरी आली. गावाचं नाव सांगत नाही. खासगी रुग्णालयात परिचारिका होती, कोरोनाच्या वॉर्डात दोन महिने काढले होते, निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन आली होती. वाडीनं तिला शाळेतसुद्धा ठेवू दिलं नाही. इतर चाकरमानी चालतील, नर्स नको. तिच्या आईनं मला फोन केला. मी आणि तिथली नर्सबाई, दोघींनी मिळून वाडीतल्या जाणत्यांना समजावलं. शेवटी घरच्या मांगरात तिची सोय झाली. न्हाणीघर वेगळं, चौदा दिवस. मी रोज संध्याकाळी तिच्याशी फोनवर बोलायचे. ती म्हणाली, "काकी, वॉर्डात वाटली नाही एवढी भीती गाडीतून उतरताना वाटली."

तिनं सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. संरक्षक पोशाख घालणं सोपं, काढणं अवघड. सहा-आठ तास पाणी नाही, बाथरूमला जाणं नाही, घामानं निथळलेलं अंग, चष्म्यावर वाफ. सुटका झाली म्हणून घाईघाईनं ओढून काढायला जावं आणि नेमका तेव्हाच बाहेरचा भाग तोंडाला लागावा. २०१४मध्ये अमेरिकेत डॅलसच्या रुग्णालयात इबोलाच्या एकाच रोग्यापासून दोन परिचारिकांना लागण झाली, तेव्हापासून या काढण्याकडे सगळ्या जगाचं लक्ष गेलं आहे. तर या मुलींनी आपापसात जोड्या लावल्या होत्या. एक काढायची, दुसरी समोर लांब उभी राहून पायरीपायरीनं मोठ्यानं सांगायची. आता बाहेरचे मोजे. आता हात साफ कर. आता गाऊन, आतून बाहेर गुंडाळत. थांब, डोळ्याला हात नको. कुणी शिकवलं म्हणाल तर एका वयस्क सिस्टरनं, जिला स्वतःला मधुमेह होता आणि जी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली होती, "मला भीती वाटते, म्हणून मी घाई करणार नाही. तुम्हीही करू नका." त्या तुकडीतल्या कुणालाही पहिल्या दोन महिन्यांत लागण झाली नाही. त्यात नशिबाचाही भाग असेल.

चौदा दिवस संपले त्या दिवशी तिनं पुन्हा मुंबईची गाडी शोधायला सुरुवात केली. १६ जानेवारी २०२१ला लसीकरण सुरू झालं तेव्हा पहिल्या रांगेत आरोग्य कर्मचारी होते. तिनं दंडावरच्या पट्टीचा फोटो पाठवला होता.

अलीकडे गावातल्या मुली पुन्हा नर्सिंगकडे जात आहेत. परवा एक आई मुलीचा फॉर्म घेऊन आली. तिनंही तेच विचारलं, "पोरीक भय नाय मां?" मी म्हटलं, आहे. मग तिच्या फॉर्मच्या पाठीमागे तीन प्रश्न लिहून दिले. वॉर्डात पाठवायच्या आधी बी काविळीच्या लसीचे तिन्ही डोस देता का, आणि मागाहून रक्त तपासून ती लागू पडली की नाही ते बघता का? सुई टोचली तर रात्री दोन वाजता औषध कुणाकडे मिळतं, त्या माणसाचा हुद्दा काय? आणि वॉर्डात आजार लागला तर रजा कुणाच्या खात्यातून जाते? म्हटलं, कॉलेजात जाऊन हे विचार. ओशाळायचं नाही. उत्तरं दिली तर फी भर.

तिनं कागद घडी घालून पिशवीत ठेवला. सोमवारी ती विचारायला जाणार आहे.